शुक्रवार वगळून

आमचा बर्फाचा कारखाना मिरकरवाड्यात, बंदराच्या अगदी मागे. कारखाना म्हणजे फार मोठं काही नाही. एक लांबलचक टाकी, तिच्यात मिठाचं पाणी, त्यात बुडवून ठेवलेले गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे, आणि बाजूच्या खोलीत धडधडणारा अमोनियाचा कॉम्प्रेसर. मिठाचं पाणी शून्याच्या कितीतरी खाली नेलं तरी गोठत नाही. डब्यातलं गोठतं. लादी काढायची, फोडायची, बोटीत टाकायची. अब्बांनी जन्मभर हेच केलं.

मी बारावी कॉमर्स, पुढे काही झालं नाही. कॉम्प्युटर शिकलो तो मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या सिस्टीमच्या, सीडीवरून, आणि सागरच्या सायबर कॅफेत बसून. सागर शाळेपासूनचा दोस्त. कॅफे मांडवीला, समुद्राच्या रस्त्यावर. खारी हवा लागून त्याचे कीबोर्ड गंजायचे आणि तो गिऱ्हाइकांना सांगायचा, जोरात दाबा, लाजू नका.

तर मी एक उद्योग केला. टाकीत तापमान मोजणारी एक तार सोडली आणि ती कारखान्याच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली. लिनक्सवर देखरेखीचा एक मोठा प्रोग्राम मिळतो, फुकट. तो स्वतः काहीच मोजत नाही. छोट्या छोट्या प्रोग्रामना थोड्या थोड्या वेळाने विचारत बसतो, काय रे, काय चाललंय? हे छोटे म्हणजे प्लगिन. प्लगिनने एका ओळीत उत्तर द्यायचं. ठीक, सावध, नाहीतर धोका. ठीक नसलं की मोठा प्रोग्राम कोणाला तरी एसएमएस पाठवतो. टाकीचं तापमान विचारणारं प्लगिन कुठे मिळेना, म्हणून मीच लिहिलं. एसएमएस जायचा अब्बांच्या मोबाईलवर.

पहिले काही दिवस अब्बा खूष. मच्छी मार्केटात उभे राहून लोकांना फोन दाखवायचे, "बघ, माझी टाकी माझ्याशी बोलते."

मग शुक्रवार आला.

शुक्रवारी सकाळपासून आमचा कॉम्प्रेसर बंद. बंदरातल्या बऱ्याच बोटी जुम्म्याआधी सुटत नाहीत, माणसं नमाजला जातात, आणि अमोनियाचं मशीन माणसाशिवाय चालू ठेवायचं नाही हा अब्बांचा नियम. नमाज झाली की घरी जेवण, मग थोडं पडायचं, आणि उन्हं उतरली की मशीन चालू. म्हणजे शुक्रवारी टाकी जराशी गरम होणारच. हे सगळ्यांना माहीत. मलाही. फक्त प्लगिनला माहीत नव्हतं.

नमाजआधीचा खुत्बा चालू, मशीद भरलेली, आणि अब्बांच्या खिशात फोन वाजला. अब्बांनी रिंगटोन ठेवलेली मोठ्यातली मोठी, बंदरावर ऐकू यावी म्हणून. त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं, बंद झाला. परत वाजला. माझा प्रोग्राम इमानदार होता, उत्तर मिळेपर्यंत परत परत सांगायचा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पुढची रांगसुद्धा मागे वळली. बाहेर चपला घालताना दाऊद चाचा सगळ्यांसमोर म्हणाले, "गफूर, वितळतोय काय तुझा, बर्फ का इमान?"

अब्बा हसले नाहीत. घरी येऊन फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. "ह्याला सांग, जुम्म्याला तोंड बंद."

त्याच दुपारी मी प्लगिनमध्ये एक ओळ टाकली. वार शुक्रवार असेल तर काही मोजू नको, सरळ "ठीक" म्हण. संपला विषय. मी ती ओळ विसरूनही गेलो.

हे २००५ मधलं. पुढच्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की हे प्लगिन आपल्या डिस्ट्रोत जायला हवं.

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा अख्खा संसार बांधून देणारे लोक. जगभर विखुरलेले, बहुतेक बिनपगारी. त्यांच्या गाठोड्यात एकदा तुमचा प्रोग्राम गेला की कोणीही, कुठेही, एक ओळ टाइप करून तो घेऊ शकतो. पण आत जाणं सोपं नाही. तुम्ही बाहेरचे असाल तर आतला कोणीतरी तुमची बाजू घ्यायला हवा. तो तुमची ओळ न ओळ तपासणार, मग आणखी वरचे तपासणार, मग आत. आणि त्या डिसेंबरात ते दार लावून घेणार होते. एकदा दार लागलं की पुढची आवृत्ती येईपर्यंत नवीन काही घेत नाहीत. त्यात वर्षं जातात.

इकडे माझा मामू रमजान ईदला दोह्याहून आला होता. येताना माझ्यासाठी व्हिसाची बोलणी करूनच. एका गोदामात स्टोअरकीपर. डिसेंबरात परत जाताना त्याला उत्तर हवं होतं.

"मला जायचं नाही," मी अब्बांना सांगितलं.

"मग काय करणार हायस? मांडवीला बसून किबोर्ड बडवणार?"

मी डिस्ट्रोचं सांगितलं. पैसे मिळतात का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग काय मिळतं? मी म्हटलं, ते सहजासहजी कोणाचं घेत नाहीत, आधी तपासतात. हे मात्र अब्बांना लगेच समजलं. एक्स्पोर्टवाल्यांचा माणूस कोळंबीचा लॉट कसा तपासतो, ते त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. खोका उघडून खालचा माल वर काढतो, वास घेतो, एक मऊ निघाली तर सगळा लॉट परत.

"म्हणजे तुझा लॉट पास झाला तर तू खरा."

"तसंच समजा."

"ठीक हाय. मामू जायच्या आत पास झाला तर राहा. नाय झाला तर बॅग भर. नंतर कुरकुर नाय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

मी डिस्ट्रोच्या लोकांना मेल टाकली. सुरुवात, "आदरणीय सर." दोन दिवस गप्प. मग एक उत्तर आलं, यार्मिला नावाच्या माणसाचं, झेक देशातून. पहिलीच ओळ, मी सर नाही, बाई आहे, पण तुमचं प्लगिन बघायला तयार आहे. सागर माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो एवढा हसला की बाजूला रेल्वेचं रिझर्वेशन बघणारे काका उठून दुसऱ्या मशीनवर गेले.

यार्मिलाबाई कडक. पहिल्या मेलमध्ये चुकांची रांग. मदतीचं पान नाही. परवाना लिहिलाय पण वर्ष नाही. अमुक फाईल तमुक जागी हवी. तापमान उणे असलं तर चालतं, पण शून्याला काय होतं ते तपासलंस का? तपासलं नव्हतं. शून्याला माझं प्लगिन आडवं पडायचं. आमच्या टाकीत शून्य कधी येतच नाही, मला कसं कळणार. दुरुस्त केलं, पाठवलं. परत नवीन रांग, आधीपेक्षा छोटी. दुपारी मांडवीची लाईट जायची, सागरच्या बॅटरीवर मेल जेमतेम निघायची. पण खरं सांगतो, मला मजा येत होती. माझ्या आयुष्यात कोणी माझं काम एवढ्या बारकाईने कधी बघितलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

मग नोव्हेंबरात एक मेल आली, एकाच प्रश्नाची. तुझा प्रोग्राम आठवड्याच्या पाचव्या दिवशी काहीच न मोजता "ठीक" का म्हणतो? टेस्टिंगचं काही राहिलंय का?

मी कपाळावर हात मारला. मग ऐटीत लिहिलं, टेस्टिंग नाही, शुक्रवारी सुट्टी असते.

तिचं उत्तर एका शब्दाचं. कोणाची?

सागर चहा घेऊन आला. "काय रे मेल्या, नापास?"

मी त्याला दाखवलं.

"बरोबर विचारत्येय की. मला कुठे असते शुक्रवारची सुट्टी?"

"तुला बर्फाचा कारखाना आहे का?"

"नाय. पण नॉर्वेत कोणाचा तरी असेल ना. त्याचा शुक्रवार म्हणजे आपला बुधवार. त्याची टाकी तापली आणि तुझा प्रोग्राम म्हणतोय सगळं ठीक, चाचा मशिदीत गेलेत."

हसलो आम्ही, मग मी ती ओळ परत उघडून वाचली. इतके महिने ती ओळ माझ्यासमोर होती आणि मला त्यात काही चूक दिसलीच नव्हती. अख्ख्या जगासाठी म्हणून जे बांधलं होतं त्यात मी आमच्या मोहल्ल्याचा शुक्रवार ठोकून बसवला होता.

संध्याकाळी यार्मिलाबाईंची दुसरी मेल आली, मोठी, आणि जरा मऊ. तिने लिहिलं होतं, प्लगिनचं काम खरं सांगणं. कधी ऐकायचं, कधी नाही ऐकायचं, हे ऐकणाऱ्याने आपल्या बाजूला ठरवावं, मोठ्या प्रोग्राममध्ये त्याची सोय आहेच. सांगणाऱ्याने खोटं बोलायची गरज नाही. ती ओळ काढलीस तर मी पुढे पाठवते.

ओळ काढायला किती वेळ लागतो? पण ती अब्बांची ओळ होती. मी आधी कारखान्यात गेलो. अब्बा टाकीवरच्या फळ्यांवर उकिडवे बसले होते, एक डबा वर ओढून आत बोट घालून बघत होते.

मी सांगितलं.

"म्हणजे जुम्म्याला परत बोंबलणार?"

"बोंबलणार नाही. फोनवर काही येणार नाही, ती सोय मी करतो. फक्त ऑफिसातल्या स्क्रीनवर खरं काय ते दिसेल."

"म्हणजे तो सांगणार. मी ऐकणार नाय."

"हां."

अब्बांनी डबा परत पाण्यात सोडला. मग म्हणाले, "काढ. लॉट पास व्हायला हवा ना तुझा?" बोलताना माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मला वाटलं, दाऊद चाचांचं आठवलं असेल.

ओळ काढली, यार्मिलाबाईंना पाठवलं. आपल्या कारखान्यातही तेच नवीन बसवलं. दुसऱ्याला देणार ते आपण वापरायला हवं, एवढं मी तोवर शिकलो होतो.

पुढच्या शुक्रवारी नमाजवरून मी सरळ ऑफिसात गेलो, गंमत म्हणून. वाटलं होतं स्क्रीनवर पिवळं असेल, "सावध". पहिल्या वर्षी अब्बांचा फोन वाजला होता तो "सावध"वरच. पाणी उणे दहावरून उणे आठला आलेलं, बस.

स्क्रीन लाल होता. धोका. उणे पाच.

मला वाटलं तार बिघडली. काचेचा थर्मामीटर घेतला, टाकीत सोडला. उणे पाच. नुसत्या सकाळभरात एवढं? मशीन बंद, मान्य, पण टाकीने गारवा धरून ठेवायला नको? भिंतीला हात लावून फिरलो. समुद्राच्या बाजूची भिंत थंडगार होती आणि तिला पाणी सुटलं होतं. बाहेरून थंड म्हणजे आतला गारवा बाहेर पळत होता.

अब्बा घरून जेवून आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी माझा हात भिंतीवर बघितला आणि त्यांना कळलं.

"भुसा बसला," ते म्हणाले. टाकीच्या दोन भिंतींच्या मध्ये लाकडाचा भुसा भरलेला असतो. "भिजून लगदा झाला असणार. वर्ष झाला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शनिवारच्या लाद्या मधनं पोकळ निघतात. मला कळणार नाय?"

"मग बोलला का नाही?"

"तू विचारलंस?" अब्बा फळीवर बसले. "रोज येऊन स्क्रीन बघायचास. हिरवा दिसला की चाललास मांडवीला. मी पण बोल्लो, बरा हाय, हिरवाच दिसूदे."

मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं. "आणि टाकी?"

"टाकी उघडायची म्हणजे कारखाना बंद ठेवायचा, भिंत फोडायची, परत भरायची. कोणासाठी? नव्या जेटीवर नव्या मशीनचा बर्फ येतोय, चुरा करून देतात, बोटवाल्यांना फोडायची पण कटकट नाय. तू दोह्याला गेलास की जेवढी वर्षं चालेल तेवढी चालवायची आणि एक दिवस कुलूप. म्हणून मामूला मी बोल्लो होतो व्हिसाचा. त्याने नाय काढला विषय. मी काढला."

हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो त्यांना माझं कॉम्प्युटरचं खूळ नको आहे.

"आणि माझा लॉट पास झाला तर?"

"शब्द दिलाय ना मी?" अब्बा वैतागून म्हणाले. "पास झाला तर टाकी उघडावी लागेल. तू हितेच राहणार तर पोकळ लाद्या कोणाला विकणार हायस?"

आम्ही दोघं तिथे बसलो, ओल्या फळ्यांवर. मग अब्बाच म्हणाले, "तोपर्यंत जुम्म्याला कोणीतरी लक्ष ठेवायला हवा. आता ही टाकी संध्याकाळपर्यंत दम नाय काढत. तुझा तो प्रोग्राम दुसऱ्या कोणाला फोन करू शकतो?"

करू शकतो. वेगळ्या वेळेला वेगळा माणूस, ही सोय त्यात पहिल्यापासून होती. माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी एकच विचार केला होता, शुक्रवारी ऐकणारा कोणी नाही तर बोलणाऱ्यालाच गप्प करू.

"कोणाला?" मी विचारलं.

"ज्याला जुम्मा नाय त्याला," अब्बा म्हणाले.

सागरने ऐकल्या ऐकल्या हात जोडले. "बाबा रे, मला अमोनियाच्या मशीनला हात लावायला सांगू नको."

"हात नाही लावायचा. फोन वाजला की मशिदीच्या दारात येऊन उभा राहा. नमाज सुटली की अब्बांना सांग. ते घरी न जाता सरळ कारखान्यात जातील."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग येतो. माझ्या गणपतीत तू बसतोसच की कॅफेत. आरती चालू आणि तुझा फोन, सागर, प्रिंटरचा कागद कुठाय."

ते खरं होतं. दर गणपतीला सागर घरी मोदक खायचा आणि मी त्याच्या गल्ल्यावर. रमजानमध्ये संध्याकाळी तो माझी गिऱ्हाइकं बघायचा. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, होत आलं होतं.

मी मोठ्या प्रोग्रामच्या फाईलमध्ये लिहिलं. रोज, गफूर. शुक्रवारी, सागर. यार्मिलाबाईंनाही कळवलं, शुक्रवारचं आम्ही असं सोडवलं. ती म्हणाली, हे उदाहरण म्हणून माहितीच्या पानावर टाक, लोकांच्या कामाला येईल. तसंच्या तसं टाकलं, नावांसकट. मग तिने प्लगिन वर पाठवून दिलं आणि सांगितलं, आता माझ्या हातात काही नाही, वरचे केव्हा उघडतील तेव्हा.

मामूने बॅगेचं वजन करायला सुरुवात केली होती. आंबोशी, कोकमं, सुकट, प्रत्येकाने दोह्यातल्या आपापल्या माणसासाठी काही ना काही आणून दिलेलं. त्याने मला नवीन शर्ट दिला. "तिकडे लागेल," म्हणाला. मी घडी घालून ठेवला. रोज सकाळ-संध्याकाळ मांडवीला जाऊन मेल बघायचो. रिकामी. सागर दारातूनच मान हलवायचा.

मग तो शुक्रवार. मी सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळ. नमाजच्या शेवटी सलाम फिरवताना उजवीकडे मान वळवली आणि दारात सागर दिसला. उन्हात उभा, चपला घातलेला, एका हातात फोन, घामाने डबडबलेला. आत यावं की नाही कळत नव्हतं म्हणून उंबऱ्याच्या बाहेर पाय जुळवून उभा, शाळेत प्रार्थनेला राहायचा तसा.

लोक उठायला लागले. दाऊद चाचांनीच त्याला आधी बघितलं. "काय रे सागर, तू पण आलास?"

"बर्फ वितळतोय, चाचा," सागर म्हणाला.

अब्बा गर्दीतून वाट काढत पुढे आले. "किती?"

"उणे चार म्हणतोय."

अब्बा थांबलेच नाहीत. पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी, तसेच बंदराच्या रस्त्याने निघाले. मी मागे. कारखान्यात पोचून त्यांनी बाह्या वर केल्या, व्हॉल्व्ह बघितले, आणि मशीन चालू केलं. धडधड सुरू झाली तेव्हा कुठे श्वास सोडला. पायजम्याला तेलाचा डाग पडला होता. स्क्रीन अजून लालच होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. जे होतं ते दिसत होतं.

सागर धापा टाकत आला. "अरे, दुसरं राहिलंच सांगायचं. तुझी मेल आल्येय. मी उघडली नाय, पण बाहेरून एकच शब्द दिसतोय, कॅपिटलमध्ये."

"कुठला?"

"ॲक्सेप्टेड."

मी खाली बसलो. तिथेच, ओल्या जमिनीवर.

"काय झाला ह्याला?" अब्बांनी सागरला विचारलं.

"लॉट पास झाला, चाचा."

अब्बांनी कपड्याला हात पुसले. माझ्याकडे बघितलं, मग समुद्राच्या बाजूच्या त्या भिंतीकडे. एखाद्या जनावराला थोपटावं तशी त्यांनी ती भिंत थोपटली. हात ओला झाला, तो परत पायजम्यालाच पुसला.

"मामूला तू सांगायचा," ते म्हणाले. "मी नाय. माझ्यावर ओरडेल."

मामू ओरडला, माझ्यावर. शर्ट परत घेतला नाही मात्र.

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या तशी आम्ही टाकी रिकामी केली आणि भिंत उघडली. आतला भुसा काळा, चिकट, घमेल्याघमेल्याने बाहेर काढला. आता थर्माकोल घालतोय. नव्या जेटीवरच्या चुऱ्यापुढे आमच्या लाद्या किती टिकतील मला माहीत नाही. अब्बांनाही नाही. पण माहीत नाही असं ते आता निदान तोंडाने म्हणतात तरी.

मधेच एकदा चिलीहून मेल आली. तिकडे कोणी बंदरावरच्या शीतगृहात माझं प्लगिन चालवतो. चांगलं चालतंय, एक छोटी चूक सापडली, दुरुस्तीही सोबत जोडलीय. आणि शेवटी विचारलं होतं, माहितीच्या पानावर हा सागर म्हणून कोण आहे, आणि त्याला शुक्रवारीच का बोलावता?

मी ती सागरला वाचून दाखवली. तो कीबोर्ड उलटा करून त्यातली वाळू झटकत होता.

"लिही त्याला," तो म्हणाला, "की चिलीत पण एखादा शोधून ठेव."